नाचणी आणि क्रोध : एक अभ्यास

माणसाने एक वेळ मित्राला जामीन राहावं, पण बायकोच्या धंद्यात सल्ला देऊ नये. मी दिला. दोन हजार आठ साली, फेब्रुवारी महिन्यात, जेवताना, कुणीही विचारलेलं नसताना.

झालं होतं असं की आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे रूपाच्या, बचत गटाने त्या वर्षी म्हशाच्या जत्रेत नाचणीच्या पापडांचा आणि सत्त्वाचा स्टॉल लावला. म्हशाला माणसं बैल घ्यायला येतात, घोंगड्या घ्यायला येतात. सत्त्व घ्यायला कोण येणार? पापड खपले. सत्त्वाचे डबे तसेच परत आले आणि मुरबाडच्या आमच्या दोन खोल्यांपैकी झोपायच्या खोलीत राहायला लागले. मी कुशीवर वळलो की डबा वाजायचा.

"जग कुठं चाललंय!" मी भाकरी मोडत म्हणालो. "स्टॉल काय लावता? वेबसाइट काढा. अमेरिकेतून ऑर्डर येईल."

"कोन काढील?" रूपा म्हणाली.

"मी आहे ना!" (हे वाक्य मी लग्नात उखाण्यानंतर म्हटलं होतं, तेव्हापासून तिचा त्यावर विश्वास नाही.)

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ भगीरथचं सायबर कॅफे होतं. आधी तिथे त्याचं टेलिफोन बूथ होतं. बूथ गेलं, तीन कंप्युटर आले, पण काचेची पेटी त्याने मोडली नाही. सगळ्यात जुना कंप्युटर त्या पेटीत ठेवला होता आणि गिऱ्हाईक मी असलो की तोच मला मिळायचा. भगीरथने साइट बनवून दिली. खाली आलेल्या माणसांचा आकडा दाखवणारं एक यंत्र बसवलं. महिन्याभराने आकडा झाला त्रेसष्ट. त्यात साठ वेळा मी होतो, दोनदा भगीरथ. उरलेला एक कोण, याचा घरात बराच खल झाला.

"ऑर्डर किती?" रूपा रोज ताट वाढताना विचारायची. तेवढंच विचारायची. आवाज वाढवायची नाही. मला ती आवाज वाढवत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

शेवटी भगीरथलाच माझी दया आली. "साहेब, दुकान उघडून बसलं म्हंजे गिऱ्हाईक येतं का? नाय येत. गावात सांगाय लागतं. तुमी लेख लिवा."

"लेख?"

"लेख फुकटात लावनाऱ्या साइटी हायेत. परदेशातली आपली मानसं वाचतात. लेख संपला का खाली एक चौकट. तिच्यात तुमचं नाव नि साइटचा पत्ता. मानूस लेख वाचतो, त्या पत्त्यावर दाबतो, नि थेट तुमच्या दुकानात. वर दुसरे साइटवाले तोच लेख उचलून आपल्याकडं लावतात. अट एकच, चौकट काढायची नाय. एक लेख लिवला का पन्नास ठिकानी जातो."

"पण लेखात लिहायचं काय?"

"नुसतं आमचा माल चांगला असं लिवू नका. तसं सगळेच लिवतात. अनुभव पायजे. खऱ्या मानसाचा."

आता इथे वाचकांनी माझी बाजू समजून घ्यावी. मी सरकारी कचेरीत बावीस वर्षं कारकून. आमच्याकडे खरा माणूस म्हणजे लाभार्थी. आणि लाभार्थी म्हटला की पूर्ण नाव, वय, गाव, तालुका, लाभापूर्वीची स्थिती, लाभानंतरची स्थिती आणि शेरा. यातला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी आमचे साहेब कागद परत फेकतात. मी कुणा 'एका ताईंचा अनुभव' असं मोघम लिहिलं असतं तर मला झोप लागली नसती. (तशी ती डब्यांमुळे लागत नव्हतीच.)

सत्त्व नियमाने खाणारं माणूस माझ्या पाहण्यात एकच होतं. माझी मेहुणी रोशनी. धसईला सासऱ्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ सत्त्वच शिजत होतं, कारण निम्मे डबे आम्ही तिकडे लोटले होते. आणि रोशनीत फरक पडला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

रोशनी अंगणवाडी शिकवते. पोरगी सोन्यासारखी, फक्त राग नाकाच्या शेंड्यावर. माझ्या लग्नात ती सात वर्षांची होती आणि मी बूट शोधत असताना तिने मला ते मागून फेकून मारले होते. तेव्हापासून मला ती फार आवडते. तीन स्थळं येऊन गेली होती. एका मुलाच्या आईने "जरा चालून दाखव" म्हटलं, तर ही म्हणाली, "आधी तुमचा मुलगा चालूद्या." ते लोक चालत गेले ते परत आले नाहीत.

तर मी लेख लिहिला. शीर्षक, 'नाचणी आणि क्रोध : एक अभ्यास'. नाचणीचे गुणधर्म दोन परिच्छेद. आणि मग मुख्य भाग:

लाभार्थीचे नाव : कु. रोशनी जाणू विशे. वय : २६. पत्ता : मु. पो. धसई, ता. मुरबाड, जि. ठाणे (पिन कोडासह). लाभापूर्वीची स्थिती : लाभार्थी रागाच्या भरात भांडी भिरकावीत असत. स्थळपाहणीत स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडील भिंतीस ताटामुळे उडालेला टवका आढळून आला. लाभानंतरची स्थिती : लाभार्थी आता भांडी आपटतात, भिरकावीत नाहीत. शेरा : प्रगती समाधानकारक.

खाली चौकट, चौकटीत माझं नाव. भगीरथने लेख आठ साइटींवर चढवला.

आणि चमत्कार झाला हो! आठवड्यात आकडा त्रेसष्टवरून चारशेवर गेला. पंधरा दिवसांत अकराशे. लेख उचलून लोकांनी कुठे कुठे लावला होता. खाली अभिप्राय येत होते. दुबईहून एकाने विचारलं, "ताट पितळेचं होतं की स्टीलचं?" पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "माझ्या मिस्टरांना चालेल का?" मी कचेरीत जरा ताठ चालायला लागलो.

"ऑर्डर किती?" रूपाने विचारलं.

"अगं, आधी माणसं येतात, मग ऑर्डर येते."

"म्हंजे नाय."

एप्रिलमध्ये, एका गुरुवारी, मी कचेरीतून आलो तर रूपा दारातच उभी. डोळे पुसत होती, पण चेहरा हसरा.

"रोशनीला स्थळ आलं. खर्डीचं. पोरगा विनोद नावाचा, ठान्याला नोकरी करतो. रविवारी बघाय येतात नि पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडतील. नि अवो, रोशनी काय बोलली माहिताय? फोटो बघितलान नि बोलली, 'हा बरा वाटतो.' माझी बहीन! आजवर कुनाला बरा बोलली नाय ती."

माझेही डोळे भरून आले. खरंच सांगतो, स्वतःच्या मुलीचं ठरावं तसं वाटलं. मी म्हणालो, "या खेपेला काही झालं तरी जमवायचंच."

"आईनं तर मधल्या मानसाला सांगून टाकलंय, पोरगी गरीब गाय हाय. तोंडातून शबुद नाय काढत."

"उत्तम. नोकरी कसली आहे मुलाला?"

"कंप्युटरची. मधला मानूस सांगत होता, लई हुशार. कुनाचंबी नाव त्या इंटरनेटात घालतो नि सगळी माहिती काढतो."

मी चहाचा कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे ठेवायला गेलो, खाली टेबल नव्हतं.

दहा मिनिटांत मी भगीरथकडे काचेच्या पेटीत होतो. रोशनीचं नाव घातलं. यंत्र जरा घुटमळलं आणि पानच्या पान भरून आलं. 'नाचणी आणि क्रोध', 'नाचणी आणि क्रोध', 'नाचणी आणि क्रोध'. बावीस ठिकाणी. तिच्या आयुष्यातली बाकी कुठलीच गोष्ट जगाला माहीत नव्हती. फक्त टवका माहीत होता.

"काढून टाक," मी म्हणालो.

"काढता नाय येत साहेब. आठ आपन चढवल्यात, बाकीच्या कुनी उचलल्या काय ठाऊक. आता तो लेख तुमचा नाय राहिला, जगाचा झाला."

"भगीरथ, पोरीचं लग्न मोडेल रे!"

त्याने डोकं खाजवलं. "एक करता येईल. नवीन लेख लिवा. तिचंच नाव घालून, चांगलं चांगलं. नवे वर येतात, जुना खाली जातो."

त्या दोन दिवसांत मी सात लेख लिहिले. शुक्रवारी रजा टाकली. (कारण : कौटुंबिक अडचण. आयुष्यात पहिल्यांदा खरं कारण लिहिलं.) दुपारी तीन ते सहा वीज जायची, म्हणून सकाळी एक दम आणि संध्याकाळी एक दम. 'नाचणी आणि मनःशांती'. 'मौनाचे महत्त्व'. 'मुंगीलाही न दुखावणारी मुलगी'. सातव्या लेखापर्यंत लाभार्थी बोलतच नव्हत्या. कुणी काही म्हटलं तर खाली मान घालून मंद हसत होत्या. लिहिताना मलाच त्यांची काळजी वाटायला लागली.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा नाव घालून पाहिलं. पहिल्या ओळीत 'नाचणी आणि क्रोध'. मग माझे सात. पहिला लेख तसूभरही हलला नव्हता. उलट आता एका पानावर एकाच बाईचे आठ लेख, सगळ्यांखाली माझं नाव. भगीरथ हळूच म्हणाला, "साहेब, आता तर पक्कं बघतील."

घरी जाऊन मी रूपाला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी परातीत परत ठेवली.

मग म्हणाली, "तुमचा नमुना मी भरते. लग्नापूर्वीची स्थिती, बिनकामाचा. लग्नानंतरची स्थिती, वरीलप्रमाणे." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "चवथं स्थळ हाय तिचं. पयल्यांदा मनापासून तयार झाली पोरगी. नि तुमी तिचा पंचनामा करून ठेवलाव!"

मला त्या क्षणी कुठल्या तरी डब्यात शिरून बसावंसं वाटलं.

रविवारी पहिल्या गाडीने आम्ही धसईला. रोशनीला अर्थातच काही सांगितलं नव्हतं. ती मोरपंखी साडी नेसून इतकी गप्प, इतकी छान दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना. मी थेट स्वयंपाकघरात जाऊन टवक्यावर कॅलेंडर टांगलं.

"जावयबापू, कॅलेंडर तिथं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. सकुबाई त्यांचं नाव. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"तिथे बरं दिसतं."

"चुलीपाशी? धूर लागंल त्याला."

"शुभ असतं," मी म्हणालो.

अकराला पाहुणे आले. विनोद, त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे जैतूमामा. खर्डीत कुणाचंही लग्न त्यांच्या होकाराशिवाय ठरत नाही, असं ऐकून होतो. उंच माणूस, पांढरी टोपी, बोलणं सावकाश. विनोद बिचारा खाली मान घालून बसला होता. माझ्या डोळ्यांना एकच गोष्ट दिसत होती. जैतूमामांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी कागदांची घडी.

पाणी झालं. पाऊसपाण्याचं झालं. भाताला भाव नाही, हे झालं. प्रत्येक वेळी मामांचा हात खिशाकडे जायचा आणि मी काही तरी विचारायचो.

"मामा, खर्डीला पाणी कसं आहे?"

"बरं हाय." हात खिशाकडे.

"आणि गाड्या वेळेवर असतात?"

"असतात." हात खिशाकडे.

"आणि जंगल?"

"जंगल कुठं जातंय, पावणं?" मामा म्हणाले आणि त्यांनी घडी बाहेर काढली. उलगडली. आठ कागद होते. मी मोजले. रूपाने दाराच्या चौकटीला धरलं. सासरे जाणूबाबा आपले कौतुकाने बघत होते, त्यांना वाटलं पत्रिका आहे.

"अनंता म्हंजे तुमीच ना?" मामांनी मला विचारलं.

"हो."

"हे समदं तुमी लिवलंय?"

"हो. म्हणजे... तसं..."

"मंग एक सांगा. हा पयला कागद बोलतो, पोरगी भांडी आपटते. हे बाकीचे सात बोलतात, पोरगीला तोंडच नाय. ह्यातलं खरं कोनतं?"

सासूबाईंची 'गरीब गाय' अजून हवेत होती. मी एकदा रूपाकडे पाहिलं आणि देवाचं नाव घेऊन म्हणालो, "पहिला खोटा. साफ खोटा. टंकलेखनातली चूक आहे ती. नंतरचे सात खरे."

विनोदने मान वर केली. चेहरा असा उतरला की मला कारणच कळेना. त्याने आईकडे पाहिलं, आईने भावाकडे. जैतूमामांनी सावकाश कागदांची घडी घातली.

"मंग राहूं द्या," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

मी काय चुकीचं बोललो तेच समजेना. तेवढ्यात आतून पावलं वाजली. रोशनी पोह्यांचं तबक घेऊन दारात उभी होती. आतून तिने सगळं ऐकलं होतं.

"भावजी, कसले कागद?"

एका हातात तबक सांभाळत तिने मामांच्या हातातली घडी ओढली आणि पहिला कागद वाचून काढला. तिने तबक विनोदपुढे असं आपटलं की बशीतले पोहे उडून त्याच्या मांडीवर पडले.

"मला तोंड नाय? कुनी सांगितलं मला तोंड नाय? भांडी आपटते मी, व्हय आपटते! भिंतीवर ताटबी मारलंय, दाखवू का? नि हा मानूस मला न विचारता माझं नाव, माझं वय, माझा राग जगाला वाटीत बसलाय? लाज नाय वाटत भावजी? जगाला सांगायचंच होतं तं निदान खरं सांगायचंत. दर वेळेला एक खोटी पोरगी हितं आनून बसवायची नि मी आत! आता बघूंद्यात त्यांना खरी. पटली तं पटली, नायतं ही एसटी उभी हाय!"

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणी होतं. रूपा धावत तिच्याजवळ गेली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पोरीचा एकही शब्द खोटा नव्हता.

आणि विनोद हसत होता! मांडीवरचे पोहे वेचत, कानापर्यंत लाल होऊन हसत होता.

"मामा, हीच," तो म्हणाला. "हीच हाय."

"मंग बसतो," जैतूमामा म्हणाले आणि पुन्हा खाली टेकले.

मग उलगडा झाला. म्हशाच्या जत्रेत हा पोरगा बचत गटाच्या स्टॉलवर आला होता. चव बघायची म्हणून त्याने तीन पापड मोडले आणि बहिणीच्या मदतीला स्टॉलवर उभ्या असलेल्या रोशनीने त्याला भर जत्रेत झापलं होतं. तिला तो चेहरा आठवला नाही (झापलेले सगळे चेहरे कसे लक्षात राहणार?), पण त्याच्या मनातून ती जाईना. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. म्हणून त्याने इंटरनेटवर नुसतं नाचणी घालून शोधलं.

"पयलाच लेख हिचा निघाला," विनोद लाजत म्हणाला. "राग वाचला नि वळखलं, हीच ती. खाली पत्ता व्हता, पिन कोडासकट. मंग मधला मानूस गाठला. पन काल रातीला परत बघितलं तं सात लेख नवे. मुंगीलाबी दुखवत नाय बोलं. मला वाटलं, आपला पत्ता चुकला."

म्हणजे माझ्या पहिल्या लेखाने लग्न जमवलं होतं आणि पुढच्या सात लेखांनी ते मोडत आणलं होतं. पण या हिशेबातला पहिला भाग त्या घरात कुणीच बोलून दाखवला नाही. मी दोनदा खाकरलो. रोशनी आत निघून गेली होती आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता, पण त्याची लय बदलली होती. ऐकून विनोदची आईसुद्धा हसली.

सुपारी फुटली. जाणूबाबांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मग याद करायला बसलो. याद म्हणजे लग्नाच्या बोलीचा कागद. देणंघेणं, मानपान, वऱ्हाड किती, खर्च कुणाचा, सगळं दोन्हीकडच्या सह्यांनी आधीच लिहून ठेवायचं, मागाहून रुसवेफुगवे नकोत. रूपाच्या लग्नात आमची याद अडीच पानं झाली होती आणि जाणूबाबा एका टोपीवरून तासभर भांडले होते. आताही ते बाह्या सरसावून बसले.

जैतूमामा म्हणाले, "आमाला हुंडा नको. मानपान नको. कापडचोपड नको. आमची एकच अट हाय, ती लिवून घ्या."

जाणूबाबा सावध झाले. "काय ती?"

"हे तुमचे थोरले जावई. मानूस चांगला हाय, आमचं कायबी म्हननं नाय. पन ह्यांनी आमच्या घरच्या मानसांबद्दल कंप्युटरात एक अक्षर लिवायचं नाय. लग्नाच्या आधी नाय, मागून नाय."

"मान्य," जाणूबाबा म्हणाले. टोपीसाठी तासभर भांडणारा माणूस! सासूबाईंनी मान डोलावली. साक्षीदार म्हणून पहिली सही करायला रूपा पुढे सरकली, आणि अजून कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं.

(मी हे कागदावर लिहितो आहे. कलमात कंप्युटर आहे. मी पाहून घेतलं आहे.)

आता प्रश्न आला, याद लिहायची कुणी? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात सुवाच्य अक्षर माझं एकट्याचं. तेव्हा मी मांडी घालून बसलो आणि 'थोरले जावई श्री. अनंता यांनी कोणत्याही परिस्थितीत' इथपासून 'याची नोंद घ्यावी' इथपर्यंत, समास सोडून, तीन प्रतींत, माझ्याविरुद्धचं कलम लिहून दिलं. जैतूमामांनी ते दोनदा वाचलं. अक्षराचं कौतुक केलं. "आमच्या घरवालीसाठी दोन किलो सत्त्व बांधून ठेवा," असंही माझ्या कानात सांगितलं.

मग त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि आपल्या खिशाला अडकवलं. पेन माझं होतं.